रुमालाआडचा वॉलरस

किनाऱ्यावर दोघं जण फिरायला निघाले आहेत. एक वॉलरस, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या थंड समुद्रातला लांब सुळ्यांचा, जाड मिशांचा अवाढव्य प्राणी. आणि दुसरा सुतार. यांची मैत्री कशी जमली ते कविता सांगत नाही. किनाऱ्यावर वाळू फार झाली म्हणून दोघांना रडू येतं. मग वॉलरस पाण्यातल्या कालवांना गोड शब्दांत हाक मारतो आणि जरा फेरफटका मारायला चला म्हणतो. पोरसवदा कालवं नटूनथटून, बूट लख्ख करून निघतात. मैलभर चालल्यावर सगळे एका बुटक्या खडकापाशी थांबतात. गप्पा सुरू होतात. मग पाव, मिरपूड, व्हिनेगर यांच्या गोष्टी निघतात. शेवटी सुतार विचारतो, आता घरी परतायचं ना? उत्तर येत नाही. उत्तर द्यायला कुणी उरलेलंच नसतं.

'द वॉलरस अँड द कार्पेंटर' ही 18 कडव्यांची कविता गेली दीडशे वर्षं इंग्रजी घरांत मुलांना वाचून दाखवली जाते, आणि मुलं खिदळतात. त्यांच्याबरोबर मीही हसतो. पण सतराव्या कडव्याशी हसू जरा अडखळतं, आणि कविता संपल्यावर सगळ्यात लहान श्रोता हमखास काहीतरी विचारतो. कविता कळण्याची सुरुवात त्या प्रश्नापासून होते, असा माझा अनुभव आहे.

ती लिहिली लुइस कॅरलने. त्याचं खरं नाव चार्ल्स लटविज डॉजसन (1832-1898). तो ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात गणित शिकवायचा. ॲलिसचं पहिलं पुस्तक 1865 साली आलं. ही कविता आहे दुसऱ्या पुस्तकात, 'थ्रू द लुकिंग-ग्लास'मध्ये. ते 1871च्या डिसेंबरात बाजारात आलं, मुखपृष्ठाच्या आत मात्र 1872 हे साल छापलेलं होतं. आरशापलीकडच्या जगात ॲलिस रानात वाट चुकते. अंधारून यायला लागलेलं असतं. तिला ट्वीडलडम आणि ट्वीडलडी ही गोलमटोल जुळी भावंडं भेटतात. ती त्यांना फक्त रानाबाहेरची वाट विचारते. ते वाट सांगत नाहीत, कविता ऐकवतात. आणि निवडतात ती सर्वांत लांब, निव्वळ ती लांब आहे म्हणून. मदत मागायला आलेल्या मुलीला गोड बोलून थांबवून ठेवायचं, हे कवितेबाहेर घडतं आणि लगेच कवितेच्या आतही तेच घडतं.

सुरुवातीची कडवी निव्वळ उलटसुलट मजेची आहेत. सूर्य झगझगीत तळपतो आहे आणि वेळ आहे मध्यरात्रीची. चंद्र फुरंगटून बसला आहे, कारण दिवस संपल्यावरही सूर्याने इथे रेंगाळावं हे त्याला उद्धटपणाचं वाटतं. पाणी ओलं आहे, वाळू कोरडी आहे, आकाशात ढग नाहीत म्हणून ढग दिसत नाहीत. असल्या माहितीने कुणाच्याही ज्ञानात भर पडत नाही, पण ती इतक्या गंभीरपणे दिली जाते की मूल खूश होतं. वॉलरसच्या मुलखात, आर्क्टिकमध्ये, उन्हाळ्यात मध्यरात्रीही सूर्य मावळत नाही हे खरंच आहे. कॅरलच्या मनात ते होतं की नाही, कोण जाणे. पण पोरांना हे सांगितलं की चंद्राच्या रुसव्याला आणखी रंग चढतो.

मग येतं वाळूचं गणित. सात मोलकरणींनी सात झाडूंनी सहा महिने वाळू झाडली तर किनारा साफ होईल का, असा वॉलरसला प्रश्न पडतो. सुताराला शंका वाटते आणि त्याच्या डोळ्यांतून टिपं गळतात. आपण शाळेत काळ-काम-वेगाची उदाहरणं घोकली, हौद भरणारे नळ आणि भिंत बांधणारे गवंडी मोजले, त्याच घराण्यातलं हे उदाहरण. ज्या गणिताला उत्तर असून काही उपयोग नाही अशा गणितावर दोन मोठ्या माणसांनी हळहळावं, यात गणिताच्या शिक्षकाचा खट्याळपणा आहे. पण जरा थांबून बघा. या दोघांना वाळूसाठी रडू येतं. म्हणजे यांचे अश्रू स्वस्त आहेत, हे कवीने आपल्याला चौथ्या-पाचव्या कडव्यातच सांगून ठेवलं आहे. पुढे ते कामाला येणार आहेत.

आता कालवं. कोकणातल्या वाचकाला ती समजावून सांगायला नकोत. खाडीच्या तोंडाशी, किनाऱ्यावरच्या खडकांना ती चिकटलेली असतात, ओहोटीला बायका लोखंडी हत्याराने वरचं कवच उडवून आतलं मांस काढतात. कालव हा प्राणी पिल्लू असताना दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतो, मग एखादा खडक किंवा शिंपला पकडतो आणि स्वतःला तिथे कायमचा चिकटवून घेतो. त्यानंतर जन्मभर जागचा हलत नाही. म्हणून कालवांनी फिरायला जाणं हा या कवितेतला सर्वांत मोठा विनोद आहे. त्यांचे बूट स्वच्छ आहेत असं सांगून कवी लगेच म्हणतो की हे नवलच, कारण त्यांना पाय नाहीत. आमंत्रण मिळाल्यावर एक थोरलं कालव डोळा मिचकावतं, जड डोकं हलवतं आणि जागचं हलत नाही. इंग्रजीत कालवांच्या वस्तीला 'बेड' म्हणतात, म्हणजे बिछाना. म्हातारबुवांना बिछाना सोडायचा नाही, आणि कालव म्हणून जगायचं असेल तर तो सोडायचाच नसतो, असे दोन अर्थ एका शब्दात बसतात. मराठीत हा श्लेष हातचा निसटतो. अनुवादकाने इथे वेगळी गंमत शोधावी, ओढूनताणून हीच आणू नये.

त्या काळच्या इंग्रज मुलाला कालव म्हणजे काय हे ताटावरून ठाऊक होतं. लंडनच्या रस्त्यांवर कालवं हातगाडीवर मिळायची, गरिबांचं ते खाणं होतं. डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मध्ये, म्हणजे 1836-37 साली, गरिबी आणि कालवं नेहमी बरोबर असतात अशा अर्थाचं बोलणं येतं. पुढे अतोनात उपशामुळे कालवांचे साठे आटत गेले आणि 1860 नंतरच्या दशकात भाव चढले. ही कविता छापली गेली तेव्हा कालव गरिबाच्या हातगाडीवरून श्रीमंताच्या टेबलाकडे निघालं होतं. आपल्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या समुद्रात लोटत नाहीत, तसा तिकडेही एक संकेत आहे: इंग्रजी नावात 'आर' अक्षर नाही अशा महिन्यांत, मे ते ऑगस्ट, कालवं खायची नाहीत. तो त्यांचा विणीचा हंगाम. या संकेताचा संबंध पुढे येणार आहे.

वॉलरस खऱ्या आयुष्यातही शिंपल्यांवरच जगतो. मिशांनी समुद्राचा तळ चाचपतो, शिंपला ओठांत धरतो आणि जिभेने चोखून आतलं मांस ओढून घेतो. एका बैठकीत हजारो शिंपले फस्त करू शकतो. त्याला पाव, मिरपूड, व्हिनेगर काही लागत नाही. कवितेतल्या वॉलरसला मात्र हे सगळं लागतं, कारण तो सभ्य गृहस्थ आहे. माझ्या मते कवितेचा सगळा विनोद आणि सगळी भीती या सभ्यपणात आहे.

कोण किती आणि काय बोलतं, ते बघण्यासारखं आहे. वॉलरस वक्ता आहे. खडकापाशी बसल्यावर तो भाषणाचे विषय जाहीर करतो: बूट, जहाजं, लाख, कोबी, राजे, समुद्र का उकळतो आहे आणि डुकरांना पंख असतात का. या यादीतल्या कोबी-राजांची जोडी ओ. हेन्रीने 1904 साली आपल्या पुस्तकाचं नाव म्हणून उचलली, इतकी ती लोकांच्या तोंडी बसली. यादी ऐकताना मूल हसतं, कारण कशाचा कशाला मेळ नाही. कालवंही बहुधा तशीच ऐकत बसली असतील. प्रत्यक्षात वॉलरस यातल्या एकाही विषयावर बोलत नाही. यादी संपते आणि पावाची गोष्ट निघते. कालवं बोलतात ती फार थोडं आणि फार अदबीने. आम्हाला दम लागलाय, जरा थांबा, अशी विनंती करतात. सुतार काही घाई नाही म्हणतो, तर ती त्याचे आभार मानतात. पुढचा बेत लक्षात आल्यावर ती निळी पडतात, आणि इतक्या दयाळूपणानंतर असं वागणं बरं नाही असं सांगतात. वॉलरस उत्तर देत नाही. रात्र किती छान आहे, देखावा कसा वाटतो, असं विचारतो. सुताराला वक्तृत्वाचा शौक नाही. त्याला पावाचा आणखी एक तुकडा हवा आहे, आणि लोणी फार जाड लागलंय ही त्याची तक्रार आहे.

सतराव्या कडव्यात वॉलरस म्हणतो की मला तुमच्यासाठी रडू येतं, मला फार सहानुभूती वाटते. आणि हुंदके देत, आसवं गाळत तो मोठी मोठी कालवं निवडून घेतो. डोळ्यांपुढे हातरुमाल धरलेला असतो.

आपल्याकडे यासाठी तयार शब्द आहे: नक्राश्रू. कॅरलला मगरीचं हे रूप आधीपासून माहीत होतं. त्याच्या लहानपणी मुलांना आयझॅक वॉट्सच्या उपदेशपर कविता पाठ करायला लावत. त्यातल्या एका उद्योगी मधमाशीच्या कवितेचं विडंबन त्याने ॲलिसच्या पहिल्या पुस्तकात केलं, आणि मधमाशीच्या जागी बसवली ती एक हसतमुख मगर, जबड्यात माशांचं स्वागत करणारी. सहा वर्षांनी तीच मगर वॉलरस होऊन आली असं मला वाटतं. फरक एवढाच की मगर हसत होती आणि वॉलरस रडतो.

मराठी वाचकाला आणखी एक जुनी ओळख पटेल. पंचतंत्रातला म्हातारा बगळा तळ्याकाठी उदास उभा राहतो, तळं आटणार म्हणून माशांसाठी हळहळतो, त्यांना दुसऱ्या तळ्यात नेतो म्हणतो आणि एकेकाला खडकावर नेऊन खातो. पाण्यातले भोळे जीव, कनवाळू पाहुणा, पाण्याबाहेरचा प्रवास आणि शेवटी खडक, इथपर्यंत दोन्ही गोष्टी हातात हात घालून चालतात. पण पंचतंत्रात शेवटी खेकडा येतो. वाटेत पडलेले माशांचे काटे पाहून तो सावध होतो आणि बगळ्याची मान तोडतो. गोष्ट पुरी होते, मूल समाधानाने झोपतं. कॅरलच्या किनाऱ्यावर खेकडा येत नाही.

त्याऐवजी येते ॲलिस. कविता संपल्यावर ती म्हणते, मला वॉलरस जास्त आवडला, त्याला निदान थोडं वाईट तरी वाटलं. ट्वीडलडी सांगतो, पण त्याने सुतारापेक्षा जास्त खाल्ली. रुमाल पुढे धरला होता तो सुताराला मोजता येऊ नये म्हणून. ॲलिस चिडते आणि सुताराच्या बाजूला जाते, अर्थात त्याने कमी खाल्ली असतील तर. आता ट्वीडलडम म्हणतो, त्यानेही जेवढी हाताला लागली तेवढी सगळी खाल्लीच की. ॲलिस गोंधळते. शेवटी दोघंही वाईट, एवढं म्हणून ती विषय सोडते.

साताठ वर्षांच्या मुलीला तीन-चार वाक्यांत कॅरलने कुठे आणून उभं केलंय ते पाहा. माणसाला त्याच्या मनावरून जोखायचं की कृतीवरून? मनावरून म्हटलं तर मनातलं आपल्याला दिसतं कुठे, दिसतात फक्त आसवं. कृतीवरून म्हटलं तर कमी खाणाऱ्याने दयेपोटी कमी खाल्ली की संधी कमी मिळाली म्हणून? नीतिशास्त्राची जाड पुस्तकं याच प्रश्नाभोवती घुटमळतात. वॉट्सच्या कवितांत तात्पर्य शेवटी बांधून दिलेलं असे. कॅरलने तात्पर्य काढून टाकलं, पण न्यायनिवाड्याची जबाबदारी काढली नाही. ती ऐकणाऱ्या मुलाच्या ओंजळीत ठेवली. मला या कवितेबद्दल खरा आदर वाटतो तो यासाठी.

रचनेतही त्याने एक बारीक कारागिरी केली आहे. प्रत्येक कडव्यात सहा ओळी, आळीपाळीने चार आणि तीन आघातांच्या, आणि सम ओळींना एकच यमक. चाल दुडक्या घोड्याची. जुन्या पोवाडेवजा इंग्रजी कथागीतांची ही नेहमीची चाल आहे. काहींना तिच्यात टॉमस हूडच्या, खून केलेल्या शाळामास्तरावरच्या गाजलेल्या कवितेचे पडसाद ऐकू आले. आपल्यापुढे कोणतीही एक कविता नव्हती, ही चाल सर्रास वापरातली आहे, असं कॅरलने पत्रात कळवलं होतं. महत्त्वाचं हे की खाणं सुरू झालं तरी चाल बदलत नाही, दुडकी तशीच चालू राहते. शिवाय एक वाक्यरचना कवितेत तीनदा येते. सूर्य तळपत होता हे विचित्र, कारण मध्यरात्र होती. बूट चकचकीत होते हे विचित्र, कारण पाय नव्हते. दोन्ही वेळा कारण ऐकून आपण हसतो. तिसऱ्यांदा शेवटच्या ओळींत कवी म्हणतो की उत्तर आलं नाही यात विचित्र असं काहीच नाही, आणि कारण सांगतो. संपूर्ण कवितेत पहिल्यांदाच कारण अगदी बरोबर असतं. तोवर ओठ हसण्यासाठी उघडलेले असतात.

अनेकांना हा शेवट सोसला नाही. त्यात स्वतः कॅरलही आला. 1886च्या डिसेंबरात लंडनच्या प्रिन्स ऑफ वेल्स थिएटरात हेन्री सॅव्हिल क्लार्कने ॲलिसचं संगीत नाटक आणलं. रंगभूमीवर हा प्रसंग नुसताच संपतो आणि प्रेक्षक अवघडतात म्हणून कॅरलने नवीन मजकूर लिहून दिला: जेवून झोपलेल्या वॉलरस आणि सुताराच्या छातीवर कालवांची भुतं येऊन थयथया नाचतात. म्हणजे पंधरा वर्षांनी खेकडा आलाच. डिस्नेने 1951च्या चित्रपटात दुसरी युक्ती केली. तिथे सुतार आत तयारी करत असतो आणि सगळी कालवं एकटा वॉलरस खातो. ॲलिसचं कोडं एका फटक्यात सुटतं, गुन्हेगार एकच उरतो. मला चित्रपटातला तो प्रसंग आवडतो, पण त्यात कवितेचं काळीज काढून घेतलंय असंही वाटतं.

अर्थ लावणाऱ्यांचा वर्ग वेगळा. जे. बी. प्रीस्टलीला या जोडीत दोन तऱ्हांचे राजकारणी दिसले, आणि ते वाचून मला लगेच पटलं. सुतार म्हटल्यावर काहींना येशू आठवतो आणि मग धर्मावरचं रूपक उभं राहतं. त्यावर एक साधी हकीकत पुरे आहे. चित्रकार जॉन टेनिएलला कॅरलने तीन पर्याय दिले होते: सुतार, फुलपाखरू किंवा सरदार. इंग्रजीत तिन्ही शब्दांचं वजन सारखं, वृत्तात कुठलाही चपखल बसतो. टेनिएलने सुतार निवडला आणि त्याच्या डोक्यावर त्या काळचे सुतार घालत तशी कागदी चौकोनी टोपी चढवली. ज्या जागी फुलपाखरूही चाललं असतं तिथे गूढ प्रतीक शोधण्यात काय हशील? जॉन लेननने तर 1967च्या बीटल्सच्या गाण्यात स्वतःलाच वॉलरस म्हणवून घेतलं. या कवितेतला वॉलरस खलनायक आहे हे ध्यानात आलं नव्हतं, असं त्याने पुढे मुलाखतीत सांगितलं. मला त्यात त्याची चूक दिसत नाही. रुमालाआडून बोलणारा माणूस ओळखायला वेळ लागतोच.

मुलांना ही कविता वाचून दाखवायची असेल तर मराठीतून सांगत सांगत खुशाल दाखवावी. विंदा करंदीकरांच्या 'एटू लोकांचा देश'वर वाढलेल्या मुलांना मध्यरात्रीचा सूर्य जड जात नाही. वॉलरसचं चित्र आधी दाखवावं, कालवांसाठी शक्य तर खरा शिंपला हातात द्यावा. वॉलरसचा आवाज खोटा खोटा काढू नये, खरंच प्रेमळ काढावा. नाहीतर मुलं आधीच सावध होतात आणि कालवांबरोबर चालायला निघत नाहीत. शेवटच्या ओळीनंतर थोडं गप्प राहावं.

माझ्यापुढे बसलेल्या मुलांनी वॉलरसला शिक्षा द्यायची की सुताराला, यावर बरंच भांडण केलं. दोन तट पडले. एक मुलगी मात्र गप्प होती. मग तिने विचारलं, "पण त्या म्हाताऱ्या कालवाला कळलं होतं ना? मग त्याने छोट्यांना सांगितलं का नाही?"

मी पुन्हा सातवं कडवं काढून पाहिलं. थोरलं कालव वॉलरसकडे बघतं, डोळा मिचकावतं, मान हलवतं. तोंडातून मात्र एक शब्द काढत नाही, असं कवीने स्पष्ट लिहिलं आहे. इतकी वर्षं मी त्याला कवितेतलं शहाणं पात्र समजत आलो होतो. डिस्नेच्या चित्रपटात त्याच्या जागी आई आहे, तिथल्या पंचांगातल्या मार्च महिन्याचा 'आर' लाल चमकतो आणि आई पिल्लांना घरीच राहा म्हणून बजावते. म्हणजे चित्रपटवाल्यांना ही फट दिसली होती आणि त्यांनी ती बुजवली. कॅरलने ती उघडीच ठेवली. ॲलिसने न्याय करताना दोघांची नावं घेतली, तिसऱ्याचं घेतलं नाही. ते अजून तिथेच आहे, पाण्याखाली, आपल्या बिछान्यात, एकटं.